हे पत्र दादाला वाचून दाखव

ऑकलंड, न्यूझीलंड
आषाढ, रविवार रात्र

ती. आईस,
सा. न. वि. वि.

परवा व्हिडिओ कॉलवर दादाच्या सोनूच्या शिक्षणाचा विषय निघाला आणि दादा मध्येच उठून पडवीत गेला. तू फोन घेऊन त्याच्या मागे निघाली होतीस, मीच नको म्हटलं. त्याच्याशी तोंडी बोलायला गेले की मी अजून धाकटी होते आणि सांगायचं ते घशातच अडकतं. म्हणून लिहितेय. चष्मा लाव, सावकाश वाच, आणि रात्री जेवणं आटोपली की दादाला-वहिनीला वाचून दाखव. सोनूलाही बसव. बाबा झोपाळ्यावर डोळे मिटून ऐकतीलच.

तुमच्याकडे पाऊस लागून राहिला असेल. होड्या वर ओढून झाकून ठेवल्या असतील, मांडवीच्या जेटीवर लाटा चढत असतील, आणि बाबा तरीही गरी घेऊन बाहेर पडायला बघत असतील. त्यांना सोडू नकोस. इथे ऐन थंडी आहे. सकाळी सातलाही अंधार असतो. मी बरी आहे, तू दिलेली आमसुलं अजून पुरतायत.

दादाचं म्हणणं मला कळलं. पोरगी बी.एस्सी. होतेय, फिजिक्स चांगलं आहे, तर बी.एड. करावं आणि रत्नागिरीतच एखाद्या शाळेत लागावं. आणि तिला जायचंय पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटला, तेही आवाजाचं शिक्षण घ्यायला. दादा म्हणाला, "रात्री-अपरात्री वायरी ओढत पुरुषांच्या घोळक्यात उभं राहायचं, हे काय बायकांचं काम?" हे वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. दोन रात्रपाळ्या मी त्यालाच उत्तर शोधत काढल्या.

गेल्या रविवारी मी एक सिनेमा पुन्हा पाहिला. पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'. २०२४ साली फ्रान्समधल्या कान महोत्सवात त्याला ग्राँ प्री मिळालं, म्हणजे तिथला दुसरा मोठा मान. मुख्य स्पर्धेत भारतातला सिनेमा ३० वर्षांनी पोचला होता. पण मी तो बक्षिसासाठी पाहिला नाही. त्यात मुंबईच्या इस्पितळातल्या दोन मल्याळी नर्सा आहेत, एकाच खोलीत राहणाऱ्या. आई, माझी मुंबईतली खोली तुला आठवते ना? ती खाट, खिडकीत वाळणारे युनिफॉर्म, आणि माझी केरळची सोबतीण, जिच्या खोबरेल तेलाच्या वासाने मला घरची आठवण यायची? पडद्यावर ती खोली बघताना मला वाटलं, कुणीतरी माझ्या नकळत दारात उभं राहून सगळं नीट बघून गेलंय. लोकलमधून उभ्याने येणं, दमलेल्या बाईचं न बोलणं, पावसात निळी पडलेली मुंबई.

आणि मग सिनेमा आपल्याकडे येतो. त्याच इस्पितळात स्वयंपाकाचं काम करणारी पार्वती आहे, छाया कदम यांनी ती भूमिका केलीय. राहत्या घराचे कागद तिच्याजवळ नाहीत म्हणून बिल्डर तिला बाहेर काढतो, आणि ती सामान बांधून गावी येते. गाव रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचं. जांभ्याचा तांबडा रंग पडद्यावर उमटला तेव्हा माझ्या शेजारच्या खुर्चीतल्या बाईने माझ्याकडे वळून पाहिलं, इतका मोठा श्वास माझ्याकडून घेतला गेला. मुंबईत आयुष्य घालवून रिकाम्या हाताने परतलेल्या किती चाकरमान्यांना आपण एसटी स्टँडवर उतरताना पाहिलंय. पण त्यातल्या बाईकडे कोणी असं थांबून पाहिलं होतं का? तिचं बंद घर उघडणं, झाडलोट करणं, मैत्रिणींना खाऊ-पिऊ घालणं. दिग्दर्शक बाई आहे म्हणून हे जमलं, असं मी म्हणणार नाही. पण जिने असं बघितलं ती याच पुण्याच्या इन्स्टिट्यूटची विद्यार्थिनी, हे मात्र दादाला सांग.

दुसऱ्यांदा बघताना मी सोनूसारखे कान लावले. ती मागे म्हणाली होती, "आत्या, एकदा डोळे मिटून सिनेमा ऐक." मुंबईची गर्दी आणि किनाऱ्याची रात्र यांच्या आवाजात केवढा फरक आहे! कुणीतरी तो फरक बसून घडवलाय, एकेक आवाज गोळा करून, लावून, काढून टाकून. ते काम सोनूला शिकायचंय.

आता एक गोष्ट बाबांसाठी. १९२९ साल, अमेरिकेत बोलपट नुकते आलेले. तेव्हा मायक्रोफोन एका जागी पक्का असायचा, कुठेतरी फुलदाणीत नाहीतर टेबलावर लपवलेला, आणि नटनट्यांनी त्याच्याजवळ जाऊन खिळल्यासारखं बोलायचं. क्लारा बो नावाची मूकपटांतली मोठी नटी होती. तिचा तो पहिला बोलपट आणि तिला सवय सेटभर बागडायची. मायक्रोफोनच्या धास्तीने तिचे पायच चालेनात. दिग्दर्शक होती डोरोथी आर्झनर. तिने तंत्रज्ञांना सांगितलं, मासे गरवायची काठी आणा, तिच्या टोकाला मायक्रोफोन बांधा आणि ही जिकडे जाईल तिकडे डोक्यावरून धरून फिरवा. आज प्रत्येक शूटिंगला ती लांब काठी असते, बूम म्हणतात तिला. बाबा, तुमच्या हातातली काठी आणि सोनूला जी धरायचीय ती काठी, दोघींचं गोत्र एकच! ही आर्झनर स्टुडिओत आली ती पटकथा टाइप करायला, मग संकलन शिकली, मग दिग्दर्शन. तिथल्या मोठ्या स्टुडिओंमध्ये कित्येक वर्षं ती एकटीच बाई दिग्दर्शक होती.

तिच्याही आधीची एक फ्रेंच बाई, आलिस गी. कॅमेरे बनवणाऱ्या कंपनीच्या मालकाची सेक्रेटरी. वय तेवीसच्या आसपास. १८९६ साली, म्हणजे सिनेमा जेमतेम जन्माला आला तेव्हा, तिने मालकाकडे छोटी गोष्ट चित्रित करायची परवानगी मागितली. तो म्हणाला, कर, पण पत्रांचं काम अडता कामा नये. पुढे तिने शेकडो चित्रपट केले, अमेरिकेत १९१२ साली स्वतःचा स्टुडिओ बांधला आणि त्यात मोठ्या अक्षरांत पाटी लावली, की सहज वागा. आणि तरी सिनेमाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी तिचं नाव गाळलं, तिचे चित्रपट दुसऱ्यांच्या नावावर लावले. ती १९६८ पर्यंत जगली, म्हातारपणी आपलेच चित्रपट शोधत राहिली. हे मी इथल्या वाचनालयातल्या पुस्तकात वाचलं तेव्हा मला तुझी आठवण आली, आई. गणपतीतल्या नाटकाचे पडदे तू शिवायचीस, राजाच्या शेल्याला जर तू लावायचीस, शेवटच्या रात्री पेट्रोमॅक्स धरून विंगेतही तूच. आणि जाहिरातीत नेपथ्य म्हणून बाबांचं नाव. बाबा, रागावू नका, तुम्ही चौकटी ठोकायचात हे खरंच आहे.

आपल्याकडेही तसंच. दादासाहेब फाळक्यांचं नाव पोरासोरांना पाठ असतं. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, कामावरच्या सगळ्यांचा स्वयंपाक केला, हे कौतुकाने सांगतात. पण त्या काळी कोऱ्या फिल्मच्या कडेला भोकं पाडावी लागत, तीही अंधारात. ते काम सरस्वतीबाई करायच्या. फिल्म धुण्याच्या रसायनांचं कामही शिकल्या होत्या. म्हणजे १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'ची एक तंत्रज्ञ बाई होती. त्या सिनेमात तारामतीचं काम मात्र एका पुरुषाला करावं लागलं, कारण पडद्यावर यायला बाई मिळेना! पडद्यामागे ती आधीपासून होतीच. पुढे १९२६ मध्ये फातमा बेगम यांनी स्वतःची कंपनी काढली आणि 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला. त्यांची मुलगी झुबेदा 'आलम आरा'ची नायिका झाली, १९३१ सालच्या आपल्या पहिल्या बोलपटाची.

दादा म्हणेल, ही सगळी मोठी, लांबची माणसं. मग जवळचं सांगते. सई परांजपे. त्यांचे आजोबा रँग्लर परांजपे आपल्याच जिल्ह्यातले, दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. सईंनी पुण्याच्या आकाशवाणीपासून सुरुवात केली, मग दूरदर्शन, मग सिनेमा. 'चष्मेबद्दूर' आपण शेजारच्यांच्या टीव्हीवर पाहिला होता आणि दादा इतका हसला होता की त्याला उचकी लागली. तो एका बाईने लिहून दिग्दर्शित केलाय हे तेव्हा आपल्याला ठाऊकही नव्हतं. त्यांचा 'स्पर्श' सोनूने मिळवून बघावाच. त्यातला नायक अंध आहे, अंध मुलांच्या शाळेचा मुख्याध्यापक. वाटेत गाण्याचा आवाज कानावर येतो आणि त्या आवाजाच्या मागे जाऊन तो एका अनोळखी दारात उभा राहतो. सगळी गोष्ट आवाजातून उघडते. त्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नसीरुद्दीन शहा यांच्या कामाचं कौतुक सगळे करतात, ते योग्यच. पण ते दार कुठे ठेवायचं आणि आवाज किती लांबून यायला हवा, हे बाईंनी ठरवलं होतं.

आणि सुमित्रा भावे. त्यांच्याबद्दल लिहिताना माझा हात जरा थांबतो, त्या २०२१ मध्ये गेल्या. त्या सिनेमा शिकलेल्याच नव्हत्या. समाजकार्य शिकलेल्या, शिकवणाऱ्या. वस्तीतल्या बायकांवर संशोधन करताना त्यांना वाटलं, आपण लिहिलेला अहवाल या बायका कधी वाचणार नाहीत. त्यांना त्यांचंच जगणं दाखवायचं तर सिनेमा हवा. चाळिशी उलटल्यावर, १९८५ साली, त्यांनी 'बाई' हा छोटा चित्रपट केला, आणि पुढे सुनील सुकथनकर यांच्याबरोबर 'दोघी', 'वास्तुपुरुष', 'देवराई', 'अस्तु'. 'कासव' तर कोकणच्या किनाऱ्यावरचा. जगणं नकोसं झालेला एक तरुण आणि त्याला न विचारता, न टोचता सांभाळणारी एक बाई, आणि सभोवती कासवांची अंडी राखणारी माणसं. त्याला २०१७ मध्ये राष्ट्रीय पुरस्कारांतलं सुवर्णकमळ मिळालं. आपल्या अभंगांत कासवी पिलांना नुसत्या नजरेने वाढवते ना? सुमित्राबाईंचा कॅमेरा तसा आहे. मी इथे मनाच्या आजारांच्या वॉर्डात सहा महिने काम केलं, तेव्हा कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा तो सिनेमा मला जास्त उपयोगी पडला. रुग्णाजवळ गप्प कसं बसावं, हे त्यात आहे.

आमच्या वॉर्डात एक माओरी, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांतली, सिस्टर आहे, माझ्याहून थोरली. मागच्या महिन्यात ती मला करेकरेला घेऊन गेली, शहरापासून तासाभरावर पश्चिमेचा किनारा. गाडीतून उतरले आणि पाय थबकले. वाळू काळी! आपल्या मांडवीसारखी, तिच्याहूनही काळी. लोहाची वाळू आहे ती, चुंबकाला चिकटते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला सांगितलं, आमच्या गावात एक पांढरा समुद्र आहे आणि एक काळा. याच करेकरेच्या वाळूवर जेन कॅम्पियनने 'द पियानो'चं चित्रीकरण केलं. न बोलणारी एक बाई होडीतून उतरते आणि तिचा पियानो लाटांच्या तोंडाशी वाळूत ठेवलेला. तोच तिचा आवाज. १९९३ साली कानचं सर्वोच्च पारितोषिक मिळवणारी कॅम्पियन ही पहिली बाई, या देशाची लेक. ऑस्करला दिग्दर्शनासाठी पहिल्या बाईचं नाव पुकारायला तर २०१० उजाडावं लागलं, कॅथरिन बिगेलोचं. ती बक्षिसं १९२९ पासून देतायत.

सिस्टरला मात्र कॅम्पियनपेक्षा मेराटा मिटाबद्दल बोलायचं होतं. ती समुद्रकाठच्या माकेटू गावची माओरी बाई. शाळेत शिकवायची. ज्या पोरांना शाळेने ढ ठरवलं होतं, त्यांच्या हातात तिने कॅमेरा दिला आणि शिकवलं. १९८१ मध्ये वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेचा रग्बी संघ इथे आला तेव्हा देशभर निदर्शनं झाली, लाठ्या चालल्या. तिने ते सगळं चित्रित केलं आणि त्याचा 'पाटू!' हा माहितीपट केला. पुढे १९८८ मध्ये एकटीने लिहून दिग्दर्शित केलेला पूर्ण लांबीचा चित्रपट करणारी ती पहिली माओरी बाई झाली. सिस्टर म्हणाली, तिच्यामुळे आमच्या आज्यांचे चेहरे आणि आमची भाषा पडद्यावर राहिली. मला वाटलं, आपल्या आजीची भाषा कुठे राहिली? "बाय माज्ये" म्हणून ती जे सुरू करायची, ते कोणाकडे आहे? सोनूच्या फोनमध्ये आहे, आई. आजी गेली त्याआधी तिने आजीच्या ओव्या रेकॉर्ड करून ठेवल्या. कोणी सांगितलं नव्हतं तिला.

दादाची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. केरळात २०१७ मध्ये सिनेमातल्या बायकांनी संघटना केली, सरकारला न्या. हेमा समिती नेमावी लागली. अहवाल २०१९ मध्ये दिला गेला आणि लोकांसमोर यायला २०२४ उजाडलं. सेटवर बायकांना स्वच्छतागृह नाही, कपडे बदलायला जागा नाही, इथपासून फार वाईट गोष्टींपर्यंत त्यात आहे. माझ्या जुन्या सोबतिणीने मला फोनवर रडत सांगितलं होतं. हे सोनूलाही कळू दे, लपवू नका. पण ते बाहेर आलं ते या कामात टिकून राहिलेल्या बायकांमुळे. बाया एकेकट्या असतात तोवर त्यांचं कोणी ऐकत नाही. चार जणी झाल्या की आधी स्वच्छतागृह तरी येतं. इस्पितळात आम्ही हे पाहिलंय.

आणि रात्री-अपरात्रीचं म्हणशील दादा, तर मी सतरा वर्षं रात्रपाळ्या करतेय. मी नर्सिंगला निघाले तेव्हा आळीत काय काय बोललं गेलं ते आपल्या घरात सगळ्यांनी ऐकलंय. परक्या पुरुषांची अंगं पुसायची, रात्री बाहेर राहायचं, लग्न कोण करेल. तेव्हा तू भांडला होतास. शेजारच्या ओट्यावर जाऊन भांडला होतास. मला मुंबईला सोडायलाही तूच आलास, कोकण रेल्वेच्या जनरल डब्यात माझी पत्र्याची ट्रंक मांडीवर घेऊन, पनवेलपर्यंत पाय हलवायला जागा नव्हती. वसतिगृहाच्या दारात म्हणालास, "रडू नको, महिन्याने येतो." आणि महिन्याने आलास, चकल्या घेऊन. मला ते दार अजून दिसतं.

पुण्यातली ती जागा लॉ कॉलेज रस्त्यावर आहे, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात. १९६० पासून चालू आहे. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, पदवी लागते, प्रवेश परीक्षा असते. ती सोपी नाही, बसणाऱ्यांतल्या थोड्यांनाच घेतात. पहिल्या वेळेला नाही झाली तर बी.एड. आहेच, पुन्हा बसेल. रेणू सलुजा तिथेच संकलन शिकल्या, 'परिंदा' त्यांनीच कापला-जोडला, आणि चार राष्ट्रीय पुरस्कार घेऊन गेल्या. दिग्दर्शक अरुणा राजे तिथल्याच. फी आणि राहण्याचं मी बघेन, त्याचा विचार दादाने करायचा नाही. मी घरासाठी पाठवते त्यातलं काही कमी होणार नाही. त्याने एवढंच करावं, परीक्षेला तिला पुण्याला घेऊन जावं. एसटीने जा, रात्रीच्या खासगी गाडीने नको, पावसात घाटाचा भरवसा नाही.

मृगाच्या पहिल्या पावसाचा आवाज सोनूने मला पाठवला होता. दोन मिनिटं अकरा सेकंद. कौलांवर एकेक थेंब, मग एकदम सर. मागे बेडूक, बाबांचं खोकणं, आणि तुझं "गो, वाळवण आत घे!" मी पहाटे पाळी संपवून पार्किंगमध्ये गाडीत बसून ऐकला. काचा लावून. तीनदा. त्यात दादाही आहे, माहीत आहे का? अगदी शेवटी तो अंगणातून विचारतो, "भिजलीस का?" कोणाला विचारलं ते कळत नाही.

वहिनीला तिचे गुडघे कसे आहेत ते विचारलंय म्हणून सांग. बाबांना नमस्कार.

तुझी,
बेबी

ता. क. – सोनूला म्हणावं, आता पागोळ्यांचा आवाज पाठव. पण फोन पडवीत ठेवू नकोस, तिथे पत्रा वाजतो. न्हाणीघराच्या बाजूला, अळवाच्या पानांजवळ ठेव.